सीन सेव्ह केला, पण ठेवला कुठे?

भिलाईतल्या एखाद्या मोठ्या सांस्कृतिक संध्याकाळी मंचावर काय काय येऊन जातं, ते आधी पाहू. सुरुवातीला दीपप्रज्वलन आणि भाषणं, म्हणजे पोडियमवरचे दोन माइक. मग पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथांचं गायन: मुख्य गायिका, तिला हुंकार देणारा रागी, हार्मोनियम, तबला, ढोलक, बेंजो, मंजिरा. त्यानंतर पंथी नृत्य. त्यातल्या मांदर आणि झांजेचा जोर असा, की पंडवानीसाठी लावलेली पातळी तशीच राहिली तर पहिल्या रांगेला बसवत नाही. पुढे बंगाली मंडळींचं रवींद्रसंगीत आणि शेवटी मराठी मंडळाच्या मुलांची नाटिका किंवा नाट्यगीतं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन इथं पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं कामाला आली. नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबंही त्यांत होती. सेक्टर १ मधलं नेहरू सांस्कृतिक सदन असो, सिव्हिक सेंटरचं कला मंदिर असो किंवा गणपतीचा मांडव, या शहरात मंच असाच मिश्र असायचा.

दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदक बोलतो, तेवढाच वेळ साउंडवाल्याच्या हातात असतो. फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात पंधरा-वीस माइकांचे गेन, इक्वलायझर, मंचावरच्या प्रत्येक मॉनिटरला जाणारा आवाज आणि इकोचं प्रमाण हे सगळं पंडवानीवरून पंथीवर न्यायचं. जुन्या अॅनालॉग मिक्सरवर हे हातानं करावं लागे, आणि खरं सांगायचं तर पूर्णपणे कुणालाच जमत नसे. गायिकेसाठी वाढवलेला इको पुढच्या वक्त्याच्या भाषणाला लागून राहायचा, कुणाचा तरी माइक बंदच राहायचा आणि पहिल्या दोन ओळी प्रेक्षकांपर्यंत पोहोचायच्याच नाहीत.

डिजिटल मिक्सरनं ही अडचण सोडवली ती ‘सीन’मुळे. साउंड चेकच्या वेळी पंडवानीचा आवाज मनासारखा जमला, की त्या क्षणी मिक्सरवर असलेली सगळी स्थिती एका क्रमांकाखाली साठवायची. संध्याकाळी तो क्रमांक दाबला, की मोटर लावलेले फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या, आपोआप आपापल्या जागी सरकतात. एका बटणात पंडवानी, दुसऱ्यात पंथी.

ही सोय फार जुनी नाही. स्टुडिओत पूर्वी गाण्याचं मिक्सिंग अर्धवट राहिलं, तर सहायक छापील कागदावर एकेका बटणाची दिशा पेन्सिलीनं काढून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते पाहून बटणं पुन्हा तशी फिरवायची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नीव्ह कंपनीच्या ‘नेकॅम’ यंत्रणेनं स्टुडिओतले फेडर संगणकाच्या मदतीनं हलवून दाखवले. सगळ्या सेटिंगसकट पूर्ण मिक्सर परत जसाच्या तसा उभा करणं सामान्य स्टुडिओच्या आवाक्यात आलं ते यामाहाच्या ‘०२आर’मुळे, १९९५ साली. सभागृहांत आणि मांडवांत ही चाल पसरवली ती यामाहाच्याच ‘एम-७-सीएल’ आणि ‘एलएस-९’ या मिक्सरांनी, साधारण २००५-०६ पासून. मग २०१२ मध्ये बेहरिंगरचा ‘एक्स-३२’ आला आणि बत्तीस माइकांचा, मोटर फेडरचा मिक्सर लहान शहरातल्या साउंड सर्व्हिसलाही परवडू लागला. आज दुर्ग-भिलाई-रायपूर पट्ट्यात मांडवाच्या मागच्या टेबलावर डिजिटल मिक्सर दिसला, तर कुणाला नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिक्सर डिजिटल झाले, सीन साठवणं सगळे शिकले, पण साठवलेला सीन मिक्सरच्या बाहेर काढून जपणारे फार थोडे. बहुतेकांना ‘सेव्ह केलं’ म्हणजे ‘सुरक्षित झालं’ असं वाटतं. या दोन गोष्टी एक नाहीत. हा लेख त्या फरकासाठी आहे.

आधी सीन म्हणजे नेमकं काय, ते उघडून पाहू. सीनमध्ये आवाज नसतो. आवाजाला कसं वागवायचं याच्या फक्त सूचना असतात, म्हणजे निव्वळ आकडे. एक्स-३२ चा सीन पेनड्राइव्हवर घेतला, की डॉट एससीएन नावाची फाइल तयार होते. ती लॅपटॉपवर साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते. पहिल्या ओळीत फाइलीची आवृत्ती आणि सीनचं नाव. त्याखाली हजाराहून जास्त ओळी. ‘सीएच, ०१, कॉन्फिग’ अशा पत्त्यानं सुरू होणाऱ्या ओळीत पहिल्या चॅनलचं नाव, त्याचं चिन्ह आणि रंग. त्याच चॅनलच्या ‘मिक्स’ या ओळीत तो चालू आहे की बंद आणि फेडर किती डेसिबलवर आहे. फेडर पूर्ण खाली असेल, तर तिथं उणे चिन्ह आणि पुढं रोमन लिपीतले दोन ‘ओ’ शेजारी शेजारी टाकलेले दिसतात. ते अनंताचं चिन्ह, म्हणजे आवाज शून्य. इक्वलायझरच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र ओळ: कुठली कंपनसंख्या, किती डेसिबल वर किंवा खाली, पट्टा किती रुंद.

या फाइलीत एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. गेन, म्हणजे माइकचा आवाज सुरुवातीलाच किती वाढवायचा ते, आणि माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हे चॅनलच्या ओळींत नसतात. ते ‘हेडअॅम्प’ नावाच्या वेगळ्या ओळींत, फाइलीत खाली असतात. याचा अर्थ असा, की गेन चॅनलचा नसतो, ज्या सॉकेटमध्ये केबल खोचली त्या सॉकेटचा असतो. साउंड चेकला रागीचा माइक पाचव्या सॉकेटमध्ये होता आणि संध्याकाळी घाईत कुणी तो सहाव्यात खोचला, तर सीन अगदी बरोबर परत येईल आणि तरी रागीचा आवाज चुकीचा येईल. मिक्सर बिघडला अशी ओरड होते तेव्हा अनेकदा एवढंच झालेलं असतं. म्हणून सीन क्रमांकाबरोबर कोणता माइक कोणत्या सॉकेटमध्ये, याची यादी कागदावर लिहून स्टेज बॉक्सला, म्हणजे मंचावरच्या सॉकेटांच्या पेटीला, चिकटवलेली असावी. कागद इथं अजूनही लागतोच.

सगळ्या मिक्सरांत गेन सीनमध्ये येतो असंही नाही. यामाहाच्या ‘०१व्ही९६’वर किंवा प्रिसोनसच्या पहिल्या पिढीतल्या ‘स्टुडिओलाइव्ह’वर गेनचं बटण हातानं फिरवायचं, अॅनालॉग. सीन परत बोलावला तरी ते बटण जिथं होतं तिथंच राहतं. अशा मिक्सरवर गेनचे आकडे वहीत टिपून ठेवायचे किंवा बटणांच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढायचा. त्याशिवाय सीन अपुरा. वायरलेस माइकची फ्रीक्वेन्सी, त्याच्या बॅटऱ्या, अॅम्प्लिफायरवरची बटणं, स्पीकरची जागा यांतलंही काही सीनमध्ये नसतं.

आता पंडवानीकडे. ही कला दुर्ग-भिलाईच्या मातीतली. भिलाईपासून जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई भिलाई पोलाद कारखान्याच्या नोकरीत होत्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांची शैली कापालिक, म्हणजे उभं राहून, मंचभर फिरत, अभिनयासह. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचा रथ. वेदमती शैलीत गायक बसून गातो. झाडूराम देवांगन त्या शैलीचे मोठे गायक आणि भिलाईच्या ऋतू वर्माही त्याच शैलीच्या. साउंडच्या दृष्टीनं हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. बसून गाणाऱ्यासमोर माइक स्थिर असतो, अंतर ठरलेलं असतं आणि एक चांगला सीन रात्रभर पुरतो. उभं राहून गाणारी गायिका मात्र एका क्षणी कुजबुजते आणि दुसऱ्या क्षणी भीमाची आरोळी देते. माइक तोंडापासून वीतभर दूर जातो, परत जवळ येतो. तिच्यासाठी साठवलेला सीन ही फक्त सुरुवात. पुढं फेडरवर बोट ठेवून कथा ऐकत राहणं, हेच काम.

धोका इथंच आहे. समजा पंडवानी अर्ध्यावर आली आहे, साउंडवाल्यानं गायिकेचा आवाज, तिच्या मॉनिटरची पातळी, रागीचा माइक हे सगळं कार्यक्रम चालू असताना हळूहळू जुळवत आणलं आहे. मध्येच मान्यवरांचा सत्कार ठरतो. तो ‘भाषण’ हा सीन बोलावतो, सत्कार होतो, मग पुन्हा ‘पंडवानी’ बोलावतो. दुपारी साउंड चेकला साठवलेली जुनी पंडवानी परत येते आणि तासाभराची मेहनत एका क्षणात पुसली जाते. मंचावरच्या गायिकेला एकदम आपला आवाज ऐकू येईनासा होतो. साउंडवाल्यानं सत्काराच्या आधी, चालू स्थिती त्याच क्रमांकावर एकदा साठवायला हवी होती. हे एक बटण दाबण्याची सवय लागेपर्यंत सीन वापरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

असे अपघात टाळायला मिक्सरमध्ये ‘सेफ’ची सोय दिलेली असते. ठरावीक चॅनल किंवा ठरावीक गोष्टी सीनच्या पकडीबाहेर ठेवता येतात. सीन कोणताही बोलवा, त्या हलत नाहीत. यामाहा याला ‘रिकॉल सेफ’ म्हणतं, एक्स-३२ वर चॅनलचं सेफ वेगळं आणि पॅरामीटरचं वेगळं. निवेदकाचा माइक कायम सेफमध्ये असावा. सभागृहाच्या मुख्य स्पीकरचा इक्वलायझर आणि मुख्य फेडरही सेफमध्ये असावेत, कारण सभागृह कार्यक्रमागणिक बदलत नाही. फँटम पुरवठ्याकडेही लक्ष हवं. एका सीनमध्ये तो चालू आणि दुसऱ्यात बंद असेल, तर सीन बदलताना स्पीकरमधून जोरात ‘ठप्प’ ऐकू येतं, आणि तो चॅनल उघडा असेल तर स्पीकरलाही इजा होऊ शकते.

एक्स-३२ मध्ये ‘स्निपेट’ नावाची आणखी एक सोय आहे. सीन सगळा मिक्सर बदलतो, स्निपेट फक्त आपण निवडलेले भाग बदलतो. मध्यंतरात सगळे माइक बंद करून फक्त रेकॉर्डवरचं संगीत लावायचं असेल, तर पूर्ण सीनऐवजी स्निपेट पुरतं आणि बाकीच्याला धक्का लागत नाही. मिश्र कार्यक्रमांत मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते: सुरुवातीला एक पाया-सीन आणि मग छोटे छोटे बदल. आपल्याकडे उलट चालतं. प्रत्येक कार्यक्रमाला पूर्ण सीन, आणि मग कोणता क्रमांक ताजा आहे हेच कळेनासं होतं.

चुकीचा सीन दाबला गेला तर? घाबरून फेडर ओढत बसण्याआधी ‘अन्डू’ शोधावं. बहुतेक मिक्सरांवर ते असतं आणि बोलावण्याआधीची स्थिती परत आणतं. यामाहाच्या ‘एम-७-सीएल’, ‘एलएस-९’, ‘सीएल’ या मिक्सरांवर ००० क्रमांकाला कारखान्यातली मूळ स्थिती असते. ती पुसता येत नाही, पण कार्यक्रमात चुकून बोलावता मात्र येते, आणि मग सभागृहभर शांतता. सीन बोलावण्याआधी ‘खात्री आहे ना’ असं विचारणारी खिडकी चालू ठेवावी. अनेक जण वेळ वाचवायला ती बंद करतात. कार्यक्रमात ती अर्ध्या सेकंदाची अडवणूक चांगली.

साठवलेला सीन मिक्सरच्या पोटात नेमका कुठे राहतो, ते आता पाहू. ०२आर, ०३डी, ०१व्ही अशा १९९० च्या दशकातल्या मिक्सरांत सीनची मेमरी लिथियमच्या नाणेबॅटरीवर टिकून असायची. मिक्सर बंद असतानाही ती बॅटरी मेमरीला जिवंत ठेवी. काही वर्षांनी बॅटरी संपली, की एके दिवशी मिक्सर सुरू केला आणि सगळे सीन गायब. पडद्यावर बॅटरीची सूचना आधी येते, पण ती वाचायला हवी. हे मिक्सर अजूनही कुठे कुठे चालू आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मिडी केबलनं सगळी माहिती संगणकावर उतरवून घ्यावी आणि मगच बॅटरी बदलावी, तीही जाणकाराकडून.

नव्या मिक्सरांत फ्लॅश मेमरी असते, पेनड्राइव्हमध्ये असते तीच. तिला बॅटरी लागत नाही. अतिशय पातळ थरांमध्ये अडकवून ठेवलेला विद्युतभार हीच तिची स्मृती. तो भार कालांतरानं, आणि उष्णतेत जास्त वेगानं, गळत जातो. चांगल्या मेमरीत याला वर्षानुवर्षं लागतात, स्वस्त पेनड्राइव्हचा तसा भरवसा नाही. मे महिन्यात भिलाईचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या गोदामात किंवा बंद टेम्पोत ठेवलेलं सामान त्याहून तापतं. पेनड्राइव्ह मिक्सरच्याच पेटीत टाकून ठेवण्याची पद्धत आहे. ती सोडलेली बरी. पेटी चोरीला गेली, पावसात भिजली, टेम्पोतून पडली, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातात. मग त्या प्रतीला प्रत का म्हणायचं?

वीज हा दुसरा प्रश्न. मांडवात लाइन जाते, जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात मिक्सर बंद पडतो. तो परत सुरू व्हायलाही वेळ लागतो, आणि वीज जाण्याआधीचे शेवटचे काही बदल साठलेले असतीलच असं नाही. एक्स-३२ मध्ये बंद करण्यासाठी मेनूतून ‘शटडाउन’ करावं लागतं, ते यासाठीच. मागचं बटण थेट दाबू नये. मिक्सर आणि स्टेज बॉक्स या दोघांनाच एक लहान यूपीएस लावला, तर हा प्रश्न बराचसा मिटतो. अॅम्प्लिफायर त्यावर लावू नयेत. ते यूपीएसला झेपत नाहीत.

पेनड्राइव्हवर प्रत घेताना तीन-चार गोष्टी पाळाव्या लागतात. बहुतेक मिक्सर फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ओळखतात. एनटीएफएस किंवा मॅकच्या पद्धतीचा ओळखत नाहीत. अॅलन अँड हीथच्या ‘क्यू’ मालिकेत तर पेनड्राइव्ह मिक्सरवरच फॉरमॅट केलेला चांगला. गाणी आणि लग्नाचे फोटो भरलेला पेनड्राइव्ह वापरू नये. फाइलींसाठी वेगळा, कमी क्षमतेचा, ओळखता येईल अशी चिठ्ठी लावलेला ठेवावा. आणि मिक्सर लिहीत असताना तो उपटू नये. फाइल कुठे ठेवली याचा तक्ता पेनड्राइव्हच्या सुरुवातीला असतो. लिहिताना तो अर्धवट राहिला, तर नवी फाइल तर जातेच, आधीच्याही सापडेनाशा होऊ शकतात.

काय घ्यायचं हेही नीट पाहावं. एक्स-३२ वर एकच सीन बाहेर काढता येतो किंवा सगळे सीन, स्निपेट आणि त्यांचा क्रम असलेला पूर्ण ‘शो’ काढता येतो. यामाहाच्या ‘सीएल’ आणि ‘क्यूएल’ मिक्सरांवर सगळे सीन आणि लायब्ररी मिळून एक फाइल होते. या दोन मालिकांची फाइल एकाच प्रकारची, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे नेता येते. एक्स-३२ चे सीन मायडासच्या ‘एम-३२’वरही चालतात, कारण आतलं इंजिन एकाच घराण्यातलं आहे. यामाहाच्या जुन्या आणि नव्या मालिकांमध्ये फाइल बदलून देणारा संगणकीय प्रोग्रॅमही कंपनीच देते. पण यामाहाची फाइल बेहरिंगरवर चालणार नाही. रायपूरहून भाड्यानं येणारा मिक्सर कोणता, हे चार दिवस आधी विचारून घ्यावं ते म्हणून.

फर्मवेअरचं, म्हणजे मिक्सरच्या आतल्या प्रोग्रॅमचंही, असंच. नव्या आवृत्तीवर साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीच्या मिक्सरवर उघडेलच असं नाही. त्यामुळे फाइलीबरोबर आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असावा, आणि फर्मवेअर बदलण्याआधी पूर्ण प्रत घेतलेली असावी. कार्यक्रमाच्या दिवशी तर फर्मवेअरला हात लावूच नये.

आणि प्रत घेतली म्हणजे काम झालं नाही. ती उघडते का, हे पाहिलं तरच ती प्रत. यासाठी मिक्सर समोर असण्याची गरज नाही. एक्स-३२ एडिट, सीएल एडिटर, क्यूएल एडिटर, टीएफ एडिटर हे प्रोग्रॅम कंपन्या फुकट देतात. घरी लॅपटॉपवर फाइल टाकायची आणि चॅनलची नावं, सीनची यादी दिसते का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. मग तीच फाइल स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर टाकून ठेवायची. सीनची फाइल मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही हलकी असते, त्यामुळे जागेची सबब चालत नाही.

नावांबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक घोळ तिथंच होतो. ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘टेस्ट’ अशा नावांचे सीन प्रत्येक मिक्सरमध्ये डझनानं सापडतात, आणि ते कुणी, कधी, कशासाठी साठवले हे साठवणाऱ्यालाही आठवत नाही. भिलाईच्या माणसाला याचा उपाय शिकवावा लागू नये. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. झोतभट्टी पाळी बदलली म्हणून थांबत नाही. जाणारा माणूस लॉगबुकात काय चालू आहे, काय बंद केलं, कशावर नजर ठेवायची ते लिहून जातो आणि येणारा ते वाचून कामाला लागतो. मिक्सरलाही असंच लॉगबुक हवं. सीनच्या नावात कार्यक्रम आणि तारीख: ‘पंडवानी १२०९’. वहीत पुढं दोन ओळी: गायिका उभी होती की बसून, रागीचा माइक कुठल्या सॉकेटमध्ये, कुठल्या मॉनिटरला शिट्टी येत होती, सभागृह किती भरलं होतं. दुसऱ्या वर्षी दुसराच मुलगा मिक्सरवर बसेल. त्याला या दोन ओळी सीनइतक्याच उपयोगी पडतील.

सभागृह किती भरलं होतं, हे उगाच लिहायचं नसतं. माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषतात, विशेषतः वरच्या सुरांचा. दुपारी रिकाम्या सभागृहात जमवलेला सीन संध्याकाळी भरलेल्या सभागृहात मंद वाटतो. उघड्या मैदानावर हवामानाचाही हिशेब येतो. मागच्या प्रेक्षकांसाठी मुख्य स्पीकरपासून तीस मीटरवर आणखी स्पीकर उभे केले, तर त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, म्हणजे मंचाकडून येणारा आवाज आणि तो एकदम कानावर पडतो. हा उशीर ध्वनीच्या वेगावर ठरतो, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर. १० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर. तीस मीटरसाठी डिसेंबरच्या थंड रात्री सुमारे ८९ मिलिसेकंद उशीर लागतो, मे महिन्याच्या तापलेल्या हवेत सुमारे ८४. अंतर साठ मीटर झालं, की फरक दुप्पट. डिसेंबरचा सीन मे महिन्यात तसाच बोलावून चालत नाही. सीन साठवताना त्या दिवशीचं तापमान लिहिलेलं असेल, तर काय बदलायचं ते लगेच कळतं.

आता भाड्याच्या मिक्सरचा प्रश्न. आपल्या मंडळांकडे स्वतःचा मिक्सर क्वचितच असतो. साउंड सर्व्हिसचा मिक्सर आज इथं, उद्या दुर्गला लग्नात, परवा राजनांदगावला. तुमचे सीन त्यात राहिले, तरी पुढचा माणूस ते पुसणार किंवा त्याच क्रमांकावर आपला साठवणार. त्यात त्याची काही चूक नाही. साठवलेल्या सीनला कुलूप लावायची सोय अनेक मिक्सरांवर असते, यामाहावर वापरणाऱ्यांचे वेगवेगळे अधिकार आणि पासवर्डही असतात. पण दुसऱ्याच्या मिक्सरवर कुलूप लावून येणं हा काही उपाय नव्हे. आपली फाइल आपल्याबरोबर घेऊन येणं, हाच उपाय. आणि परक्या मिक्सरवर काम सुरू करण्याआधी त्यावर जे होतं त्याचीही एक प्रत काढून ठेवावी, काम झाल्यावर ते परत टाकावं. ही साधी सभ्यता आहे, आणि साउंडच्या धंद्यात ती लोक लक्षात ठेवतात.

फाइल कुणाची, यावर थोडी खळखळ होते. एखाद्या जाणत्या साउंडवाल्याला वाटतं, की हे सेटिंग माझ्या कानाचं फळ आहे, ते फुकट का द्यायचं? त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याचा तबल्याचा इक्वलायझर, त्याचा इको, त्याची वर्षानुवर्षं जमवलेली लायब्ररी त्याचीच. पण सभागृहाचा इक्वलायझर, माइकांची यादी, मॉनिटरची रचना हे त्या जागेचं आणि त्या कार्यक्रमाचं आहे. मंडळानं त्या दिवसाचे पैसे दिलेले आहेत. पाया-सीन मंडळाकडे असावा, कलाकुसर त्याच्याकडे राहावी. बहुतेक साउंडवाल्यांना ही विभागणी मान्य होते. आधी बोलून घेतलं पाहिजे, एवढंच.

गणेशोत्सव, नवरात्र, १ नोव्हेंबरचा छत्तीसगढ स्थापना दिवस, मग १८ डिसेंबरची गुरू घासीदास जयंती: भिलाईच्या साउंडवाल्याला ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत उसंत नसते. मंडळांच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना माझी विनंती आहे, की यंदा मांडवाच्या खर्चात दोन चांगले पेनड्राइव्ह आणि एक वही धरा. एक पेनड्राइव्ह साउंडवाल्याकडे द्या, दुसरा मंडळाच्या कपाटात ठेवा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो बिल घेऊन येईल तेव्हा बिलाबरोबर शो-फाइल मागा, त्याच्यासमोर लॅपटॉपवर उघडून पाहा, वहीत तारीख, मिक्सरचं नाव आणि फर्मवेअरचा क्रमांक लिहा, आणि मगच बिल चुकतं करा.